अमरावती-बडनेरा आणि भोवतालची खेडी : लोकसंख्या, समाज, बाजार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जिल्ह्यातल्या खेड्यांतून जे प्रश्न फिरून फिरून येतात, त्यांची ही उत्तरं. लोकसंख्येचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत आणि हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अमरावतीची लोकसंख्या नेमकी किती? कुठं साडेसहा लाख लिहिलेलं असतं, कुठं अठ्ठावीस लाख.

दोन्ही बरोबर आहेत, फक्त हद्द वेगळी आहे. महापालिकेच्या हद्दीत ६,४७,०५७ माणसं मोजली गेली. चौदा तालुक्यांच्या अख्ख्या जिल्ह्यात २८,८८,४४५. अमरावती विभाग म्हटलं की अकोला, वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळ हे जिल्हे धरून बेरीज १ कोटी १२ लाखांवर जाते. अमरावती तालुका हा आणखी चौथा आकडा. अर्जात, प्रकल्प अहवालात किंवा शाळेच्या निबंधात आकडा लिहिताना शेजारी ‘शहर’, ‘तालुका’ की ‘जिल्हा’ ते लिहाच. नाहीतर तपासणारा चूक धरतो, आणि त्याचंही बरोबर असतं.

२. अमरावतीला महानगर म्हणता येतं का? महानगरपालिका तर आहे.

कायद्याच्या हिशेबानं नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-पी नुसार महानगर क्षेत्राला किमान १० लाख लोकवस्ती लागते. महानगरपालिकेसाठी मात्र महाराष्ट्रात ३ लाखांची अट आहे, म्हणून विदर्भात नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर अशा चार महापालिका झाल्या. दहा लाखांचा उंबरा ओलांडलेलं शहर त्यांत एकटं नागपूर. बाकीच्यांत अमरावती आणि अकोला ही तर तालुक्याच्या बाजारावर वाढलेली मोठी गावंच आहेत, आणि त्यांचं अर्थकारण समजून घ्यायचं तर त्याच नजरेनं पाहावं लागतं (प्र. १३).

३. बडनेरा वेगळं शहर आहे की अमरावतीचाच भाग?

कारभारापुरता अमरावतीचाच भाग. अमरावती आणि बडनेरा या दोन वेगळ्या नगरपालिका होत्या, त्या एकत्र करून १५ ऑगस्ट १९८३ ला महापालिका झाली. विधानसभेचे मतदारसंघ मात्र आजही दोन आहेत. मुंबई-हावडा मुख्य रेल्वेमार्ग बडनेऱ्यावरून जातो, अमरावती स्टेशन तिथून निघणाऱ्या फाट्यावर आहे. म्हणून लांबच्या गाडीचं तिकीट काढताना ‘अमरावती’ टाकून गाडी दिसली नाही तर ‘बडनेरा’ टाकून बघा. निम्म्या लोकांची अडचण तिथंच मिटते.

४. २०११ ला इतकी वर्षं झाली. आजचा आकडा काय धरायचा?

सरकारी कामात पुढची जनगणना प्रसिद्ध होईपर्यंत २०११ चाच. स्वतःच्या अंदाजासाठी मागच्या दशकाची वाढ धरतात. २००१ मध्ये शहर ५,४९,५१० होतं, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १७.८ टक्के वाढ झाली. त्याच गतीनं २०२१ चा अंदाज ७ लाख ६२ हजारांच्या आसपास निघतो. जिल्हा मात्र त्याच दशकात १०.८ टक्क्यांनीच वाढला, तेव्हा शहराचा दर खेड्याला लावू नका. जिल्ह्यातलंच अचलपूर सुमारे १ लाख ७ हजारांवरून १,१२,३११ वर गेलं, म्हणजे जेमतेम पाच टक्के. वाढ सगळीकडे सारखी धरणं ही या हिशेबातली पहिली चूक, आणि हद्द विसरणं ही दुसरी (प्र. ५).

५. यवतमाळ शहराची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली असं दिसतं. लोक गेले कुठं?

फार लांब नाही गेले, वेशीबाहेर गेले. २०११ ला नगरपरिषदेच्या हद्दीत १,१६,५५१ माणसं भरली, आधीपेक्षा कमी. त्याच काळात लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा, पिंपळगाव, भोसा, मोहा ही लागून असलेली गावं लेआउट पडून फुगली. तिथली माणसं कामाला, शाळेला, दवाखान्यात यवतमाळातच येत होती, पण गणतीत ग्रामपंचायतीची होती. पुढं ही गावं हद्दवाढीत शहरात घेतली गेली. अकोल्यातही २०१६ मध्ये शिवणी, मलकापूर, गुडधी यांसारखी भोवतालची गावं महापालिकेत आली. त्यामुळं अशा शहराच्या दोन जनगणनांचे आकडे शेजारी मांडताना मध्ये हद्दवाढ झाली का, हे आधी बघायचं. झाली असेल तर ती वाढ जन्माची नाही, रेघ सरकल्याची आहे.

६. आमचं गाव ग्रामपंचायत आहे, पण जनगणनेत ‘शहरी’ दाखवलं आहे. हे कसं?

जनगणना दोन प्रकारची शहरं धरते. एक, जिथं महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ (लष्करी छावणीचा कारभार) आहे. दुसरं ‘जनगणना शहर’. त्याला तीन कसोट्या लागतात : किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिन्ही एकदम लागतात. कारखान्याजवळची किंवा मोठ्या शहराला चिकटलेली गावं यात येतात. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो, घरपट्टी बदलत नाही, ग्रामसभा चालू राहते.

यात एक गोम आहे : कसोटी पुरुषांच्याच कामाची आहे. निंदण-वेचणीला जाणाऱ्या बायांचा गावभर राबता असला तरी पुरुष एमआयडीसीत किंवा ऑटोवर असतील, तर गाव शहरी ठरतं.

७. नगरपंचायत झाल्यानं गावाचं भलं होतं की नुकसान? नेमकं काय बदलतं?

२०१४ च्या सरकारी निर्णयानंतर तालुक्याची ठिकाणं असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. आपल्याकडे भातकुली, तिवसा, नांदगाव खंडेश्वर, धारणी ही त्यांतली. बदल असे :

सरपंच आणि ग्रामसेवकाच्या जागी नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी येतात, १७ प्रभाग पडतात. ग्रामसभा संपते. तिथल्या मतदाराला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान राहत नाही. रोजगार हमी ग्रामीण भागासाठी असल्यानं जॉबकार्डावरचं काम बंद होतं. ज्या घराची चूल उन्हाळ्यात त्यावर पेटते, त्याला हा फटका मोठा असतो. घरकुलाचा अर्ज ग्रामीण आवासमधून निघून शहरी आवासमध्ये जातो. यादी नवी, कागद नवे, आणि जागेची मालकी सिद्ध करायला लागते. गावठाणात आजोबाच्या काळापासून राहणाऱ्यांचं घोडं इथंच अडतं. बांधकामाची परवानगी नगरपंचायतीकडून घ्यायची. शेताचा सातबारा आणि तलाठी मात्र तेच राहतात.

रेशनात मात्र थोडी सूट मिळते आणि थोडी ओढाताणही होते. प्राधान्य कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे, म्हणजे मर्यादा वाढते. पण महाराष्ट्रात अन्नसुरक्षेखाली ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्केच घेता येतात. नवीन नाव चढवताना ‘इष्टांक (ठरलेला कोटा) शिल्लक नाही’ असं ऐकायला मिळतं, ते यामुळं.

फायदा रस्ते, नाल्या, दिवे यांच्या निधीत दिसतो. आमचं मत विचाराल तर बाजारपेठेच्या गावाला हे मानवतं. नुसत्या तहसील कचेरीपायी नगरपंचायत झालेल्या, शेतमजुरांच्या गावाला ते सुरुवातीची बरीच वर्षं जड जातं.

८. नगरपरिषदेचे अ, ब, क वर्ग कशावरून?

लोकसंख्येवरून. १ लाखावर ‘अ’, ४० हजार ते १ लाख ‘ब’, ४० हजार आणि त्याखाली ‘क’. अचलपूर, यवतमाळ, वर्धा, हिंगणघाट, गोंदिया ही २०११ च्या मोजणीत लाखावरची. कर्मचारी किती आणि निधी किती, हे पुढं या वर्गावरून ठरत जातं.

९. शहरात आणि भोवताली मुख्यतः कोणते समाज राहतात?

खेड्यांत कुणबी, माळी, तेली, धनगर, मराठा-देशमुख आणि बौद्ध वस्ती जवळपास सगळीकडे आहे. अंजनगाव सुर्जीकडे बारी समाज आणि त्यांचे पानमळे. अचलपूर, चांदूर बाजार आणि अमरावतीच्या जुन्या भागात मोठी मुस्लिम वस्ती आहे. अचलपूर हे एके काळचं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. परतवाडा ही त्याच नगरपरिषदेतली दुसरी पेठ, इंग्रजांच्या छावणीभोवती वसलेली, नंतर मेळघाटच्या सागवानाचा बाजार झालेली.

धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले, कोरकू आदिवासींचे तालुके. तिथंच गोंड आहेत, आणि म्हशी राखून खवा करणारे गवळी आहेत. नांदगाव खंडेश्वर भागात फासेपारध्यांचे बेडे (वस्त्या) आहेत. बंजाऱ्यांचे तांडे यवतमाळ-वाशीमकडे जास्त, पुसद, दिग्रस, मानोरा या पट्ट्यात. रेल्वेआधी वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मिर्झापूरकडे जायचा, आणि ती लमाणी वाहतूक बंजाऱ्यांच्या हातात होती. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली तसा तो धंदा मोडला.

शहरातल्या पेढ्या मारवाडी आणि गुजराती. फाळणीनंतर आलेले सिंधी रामपुरी कॅम्पात वसले आणि कापडाच्या व्यापारात शिरले. जुन्या अमरावतीभोवतीचा दगडी परकोट निजामाच्या काळात १८०७ पासून बांधला गेला, तोही पेंढाऱ्यांपासून याच सावकार-व्यापाऱ्यांच्या बचावासाठी. पैसा इथं कापसामागं आला आणि तो राखायला भिंत बांधावी लागली, एवढा जुना हा बाजार.

१०. कुणबी किती, माळी किती, तेली किती, हे आकडे कुठं मिळतील?

नाही मिळणार. सर्व जातींची मोजणी प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना १९३१ ची. त्यानंतर अनुसूचित जाती आणि जमाती यांचेच आकडे मिळतात. जिल्ह्यात २०११ ला अनुसूचित जाती सुमारे साडेसतरा टक्के आणि जमाती सुमारे चौदा टक्के होत्या. निवडणुकीच्या दिवसांत मोबाइलवर फिरणाऱ्या ‘समाजनिहाय मतदार’ याद्या आडनावांवरून केलेला अंदाज असतो, आणि आपल्याकडे एकच आडनाव चार समाजांत सापडतं. पुढच्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे (प्र. २२).

११. बंजारा समाज आदिवासींच्या आकड्यात येतो का?

महाराष्ट्रात नाही. इथं तो विमुक्त जाती (अ) मध्ये आहे आणि राज्याचं ३ टक्के आरक्षण त्या गटाला आहे. तेलंगणात तोच समाज अनुसूचित जमातीत आहे. म्हणून सीमेपलीकडच्या सोयऱ्यांच्या जनगणनेत तो ‘जमाती’त दिसतो आणि पुसदकडे दिसत नाही. तांड्याची लोकसंख्या हवी असेल तर गावनिहाय एकूण आकडा घ्या. समाजनिहाय आकडा प्रसिद्ध नाही.

१२. मेळघाटातली कामाला बाहेर गेलेली माणसं कुठं मोजतात?

मोजणीच्या पूर्ण काळात जो जिथं राहतो, तिथं. २०११ मध्ये हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता. पूर्ण काळ घराबाहेर असलेल्याचं नाव घरच्या यादीत येत नाही. कोरकू माणूस कुठंही असला तरी होळीला गावात परततो, पण होळी सहसा मार्चात आणि गणती फेब्रुवारीत. त्यामुळं वीटभट्टीवर, हरभरा सोंगायला किंवा शहरात बांधकामावर गेलेली कुटुंबं तिथंच मोजली जातात. धारणी-चिखलदऱ्याच्या गावांचा आकडा होळीच्या गर्दीपेक्षा कमी वाटतो त्याचं हे एक कारण. चार-आठ दिवसच बाहेर असलेला माणूस मात्र घरीच धरला जातो.

१३. अमरावती शहर चालतं कशावर? मोठा कारखाना तर दिसत नाही.

कचेऱ्या, शिक्षण, दवाखाने आणि घाऊक व्यापार. पाच जिल्ह्यांचं विभागीय आयुक्तालय इथं आहे. विद्यापीठ १९८३ पासून आहे, श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ पासून, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून. खोल्या, मेस, झेरॉक्स, शिकवण्या यांवर गल्लीच्या गल्ली जगते. नागपूर रस्त्यावर नांदगाव पेठच्या बाजूला घाऊक कापडाची संकुलं आहेत, तिथून तालुक्यांची दुकानं माल भरतात.

उद्योग म्हणावा तर नांदगाव पेठचीच एमआयडीसी : कापड गिरण्या आणि १,३५० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. त्याच परिसरात पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याहून झाली. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमान सुरू झालं. याचा रोजगार किती, हे आजूबाजूच्या गावांतली किती पोरं कायम झाली त्यावरून कळेल. जमिनीचे भाव वाढले, हा काही त्याचा पुरावा नाही.

आणि या सगळ्याच्या खाली शेतमाल. दिवाळीनंतर कापसाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) हातात आला की कापड, सोनं, मोटारसायकल, दवाखाना, लग्नाचं सभागृह, सगळं हलतं. ज्या वर्षी चुकारा लांबतो त्या वर्षी शहरातला दुकानदार शेतकऱ्याच्या बरोबरीनं हात चोळतो.

१४. एक क्विंटल कापसातून निघतं काय? जिनिंगवाल्याला परवडतं कसं?

साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी, बाकी घट. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. सरकी तेलघाणीला जाते, तिचं तेल निघतं आणि ढेप (पेंड) पुन्हा खेड्यातल्या गाई-म्हशींपुढं येते.

व्यापारी भाव उलटा काढतो. समजा रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३५ रुपये किलो आहे (आकडे फक्त हिशेबासाठी). ३४ × १५० = ५,१०० आणि ६४ × ३५ = २,२४०, एकूण ७,३४०. त्यातून जिनिंग (सरकी वेगळी काढणं), प्रेसिंग (गाठी बांधणं), वाहतूक आणि त्याचा नफा वजा करून जे उरतं तो तुमचा भाव. म्हणून नुसता रुईचा भाव ऐकून भांडू नका. सरकी दोन रुपयांनी पडली की क्विंटलमागं १२८ रुपये जातात.

१५. कापसाचा हमीभाव ८,११० असताना खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो त्यात) कमी का देतात?

हमीभावानं घेणं सरकारी यंत्रणेवर, म्हणजे सीसीआयवर (भारतीय कापूस महामंडळावर) आहे. खाजगी व्यापारी प्र. १४ मधल्या हिशेबानं चालतो. २०२५-२६ मध्ये मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल आहे, मधल्या धाग्याला मधले भाव. त्याच हंगामाच्या तोंडावर केंद्रानं रुईवरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उठवलं, तेव्हा गिरण्यांना बाहेरची रुई स्वस्त पडली आणि आपल्या बाजारावर दाब आला.

खेडा खरेदीवाला रोख देतो, गाडी दारात आणतो, ओलावा मोजत नाही. त्याची किंमत तो भावात आणि काट्यात वसूल करतो. पेरणीचं उधार ज्याच्याकडून घेतलं त्यालाच कापूस घालायची बोली असेल, तर भाव विचारण्यात अर्थच उरत नाही.

१६. सीसीआयच्या केंद्रावरून कापूस परत पाठवला. काय चुकतं?

बहुतेक वेळा ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं दर टक्क्याला १ टक्का कपात, आणि १२ च्या वर घेतच नाहीत. उदाहरण : लांब धाग्याचा २० क्विंटल कापूस, ओलावा १० टक्के. कपात २ टक्के, म्हणजे क्विंटलला १६२.२० रुपये. भाव पडला ७,९४७.८०, एकूण १,५८,९५६ रुपये. तोच कापूस ८ टक्क्यांवर आणला असता तर १,६२,२०० झाले असते.

मीटरची सळई गाडीत खोल खुपसतात. वरचा थर उन्हानं खडखडीत असला तरी तळाचा, रात्रभर दाबून भरलेला कापूस दोन-तीन टक्के जास्त दाखवतो. म्हणून :

सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) झालं की दवातच वेचणी सुरू करू नका, ऊन चढू द्या. ताडपत्रीवर पातळ पसरवा आणि दुपारी एकदा उलथा. मातीवर नको, कचरा चढतो. पहिला, दुसरा आणि तिसरा वेचा वेगवेगळा ठेवा. शेवटच्या वेच्यातली कवडी (डागाळलेला, खराब कापूस) आणि पत्ती पहिल्यात मिसळली तर अख्ख्या गाडीचा दर्जा उतरतो. आदल्या रात्री भरून ठेवायचीच असेल तर गाडी उघड्यावर ठेवू नका.

दुसरं कारण कागद. ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर चालू हंगामाचा कापसाचा पेरा, आणि आधार जोडलेलं बँक खातं. ई-पीक पाहणी (मोबाइलवरची पिकाची नोंद) राहून गेली की पेरा कोरा दिसतो. मुदत संपल्यावर तलाठ्याकडे गर्दी करून फारसं हाती लागत नाही.

१७. जमीन मक्त्यानं (ठराविक पैशांवर भाड्यानं) केली आहे, सातबारा मालकाच्या नावावर. कापूस कोणाच्या नावानं विकायचा?

नोंदणी ज्याच्या नावानं, पैसे त्याच्याच आधार जोडलेल्या खात्यात. मालकाच्या नावानं घातला तर चुकारा मालकाला मिळतो आणि पुढचं दोघांच्या इमानावर. त्यामुळं मक्ता ठरतानाच साध्या कागदावर का होईना, चुकारा, पीकविमा आणि अतिवृष्टीची मदत कोणाची, या तिन्ही गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्या. मदतीचा पैसा खातेदाराला जमा होतो आणि नुकसान मक्तेदाराचं झालेलं असतं, भांडण तिथंच पेटतं. मालक तयार नसेल तर खुल्या बाजारात हर्रासात (लिलावात) विकणं आणि काटापट्टी (वजनाची पावती) स्वतःच्या नावानं घेणं, एवढाच मार्ग उरतो.

१८. सोयाबीन, तूर लगेच विकावी की थांबावं?

सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आणि तुरीचा ८,००० रुपये. सरकारी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि आधी नोंदणी लागते. थांबायचं असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा : मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, ६ महिने मुदत. कापूस त्यात बसत नाही. तुमची बाजार समिती योजना राबवते का, ते आधी विचारा. सगळ्याच राबवत नाहीत.

१९. वरूड-मोर्शीची संत्री एवढी नावाजलेली, तरी बागायतदार रडतो का?

बगिचा झाडावरच विकला जातो, तिथं अर्धी गोष्ट आली. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, तोड ऑक्टोबरनंतर. मृगाची फुलं पावसाच्या सुरुवातीला, तोड फेब्रुवारी-मार्चात. व्यापारी फळ हिरवं असताना इसार देऊन बगिचा धरतो. भाव चढला तर तोडून नेतो, पडला तर इसारावर पाणी सोडून निघून जातो, आणि तोवर दुसरं गिऱ्हाईक उरलेलं नसतं. त्यात बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं, तो मोठा बाजार आकसला. बारीक फळ घेणारा मोठा प्रक्रिया उद्योगही बरीच वर्षं जवळ नव्हता.

सौद्याच्या कागदात हे असावं : तोडीची शेवटची तारीख, फळगळ कोणाची, बारीक फळ घेणार की सोडणार, आणि तोडीआधी किती टक्के रक्कम. तारीख नसलेला सौदा करू नका. फळ झाडावर जास्त राहिलं की पुढचा बहार बिघडतो, ते नुकसान कागदावर कुठंच दिसत नाही. पाण्याचं तर सर्वांना माहीत आहे : या दोन्ही तालुक्यांत उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे.

२०. दर्यापूर, भातकुलीकडे जमीन इतकी काळी आणि खोल, मग ओलीत का नाही?

खारपाण पट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर-बोअरचं पाणी दिलं तर एक-दोन हंगामांत जमीन चोपण (क्षारानं घट्ट) होते, निचरा बंद पडतो. म्हणून तिथं कापूस, तूर, मूग आणि रब्बीत मुरलेल्या ओलीवरचा हरभरा. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं गोडं पाणी चालतं, बोअरचं नाही. पिण्याचं पाणीही बाहेरून येतं, शहानूर धरणावरून. शहराचीही तीच तऱ्हा : अमरावतीच्या नळाला मोर्शीजवळच्या सिंभोरा इथल्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं.

२१. शहराच्या हद्दीलगत प्लॉट घेतो आहे. विकणारा ‘नमुना ८ आहे ना’ म्हणतो. पुरे का?

नाही. नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), अकृषक (एनए) आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि त्यावर तुमचा प्लॉट क्रमांक, या चार गोष्टी पाहा. लेआउटमधली खुली जागा आणि रस्ते नकाशाप्रमाणे जमिनीवर सोडलेत का, ते स्वतः चालून बघा. ‘पुढच्या वर्षी गाव महापालिकेत जाणार’ या बोलीवर एक पैसाही जास्त देऊ नका. गाव हद्दीत गेलंच, तर बिनमंजुरीचा प्लॉट आपोआप मंजूर होत नाही, कर मात्र वाढतो.

२२. येत्या जनगणनेत काय सांगायचं? जात, धर्म, भाषा यांत चूक झाली तर?

घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. नोंद मोबाइलवर होणार, स्वतः भरायची सोयही आहे. तुम्ही सांगाल ते लिहायचं असतं, म्हणून घरातल्या जाणत्या माणसानं समोर बसावं.

भाषेत घरात बोलता तीच सांगा. कोरकू, गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली) बोलणारी घरं शाळेच्या सवयीनं ‘मराठी’ सांगून मोकळी होतात, आणि मग त्या भाषेची माणसं कागदावर कमी होतात. वऱ्हाडी बोलणाऱ्यांचा हिशेब मराठीतच होतो.

बौद्ध कुटुंबांनी दोन रकाने वेगळे ठेवावेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण त्या गणतीत येण्यासाठी यादीतल्या जातीचं नाव लागतं. धर्म ‘बौद्ध’ आणि जात ‘महार’ असं दोन्ही सांगितलं तर नोंद दोन्हीकडे होते. जातीच्या रकान्यात नुसतं ‘नवबौद्ध’ किंवा ‘एससी’ सांगितलं तर अनुसूचित जातीच्या गणतीतून नाव सुटू शकतं.

पोरगा पुण्यात कंपनीत असेल तर तो तिथं मोजला जाईल, त्याचं नाव इथं सांगू नका. अमरावतीत खोली करून शिकणारी मुलगीही तिथंच. महिनाभर पाहुणपणाला आलेली आजी मोजणीचा पूर्ण काळ तुमच्याकडेच असेल, तर तुमच्या घरात.